मादी पाजीत नाहीं तेव्हां : सशाच्या नवजात पिलांची निगा

शेतीस जोडधंदा म्हणून ससे पाळणाऱ्या गृहस्थांकडून वारंवार एकच तक्रार ऐकूं येते. मादी व्याली, पिलें चांगलीं सात-आठ झालीं, परंतु ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. आतां त्यांना कशावर वांचवावें? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तर देण्यापूर्वीं उलट एक प्रश्न विचारणें भाग पडतें. मादी पाजीत नाहीं हें कशावरून ठरविलें ? बहुधा असें सांगण्यांत येतें कीं, दिवसभर लक्ष ठेविलें, पण ती पिलांच्या पेटींत एकदांही शिरली नाहीं. लक्ष ठेवणाराची कळकळ खरी असते. त्यानें काढलेलें अनुमान मात्र खरें नसतें. आणि ह्या अनुमानापायीं जितकीं पिलें दगावतात, तितकीं खऱ्या उपासमारीनें दगावत असतील असें आम्हांस वाटत नाहीं.

गाई-म्हशी व शेळ्या ह्यांच्या संगतींत वाढलेल्या माणसाची नजर सशाच्या बाबतींत त्याला फसविते. वासरूं दिवसांतून अनेक वेळां लुचतें. करडूं तर आईच्या मागें मागें फिरून दर थोड्या वेळानें कासेला झोंबतें. कुत्री व मांजरी पिलांना पोटाशीं घेऊन तासन्‌तास पडून राहतात. सशिणीची तऱ्हा अगदीं निराळी. आपण पाळतों ते सारे ससे युरोपांतील रानसशापासून उत्पन्न झालेले आहेत आणि तो प्राणी बिळांत राहणारा आहे. विण्यासाठीं मादी एक लहानसें स्वतंत्र बीळ खणते, त्यांत गवत व आपल्या अंगाची लव अंथरते, पिलें घालते आणि बिळाचें तोंड मातीनें बुजवून निघून जाते. मग चोवीस तासांत एकदां, बहुधा रात्रीं किंवा पहाटे, ती येते, माती उकरते, तीन-चार मिनिटें पिलांवर उभी राहून त्यांना पाजते आणि पुन्हां तोंड बुजवून चालती होते. वारंवार ये-जा केली तर तिच्या वासावर कोल्ह्यासारख्या शत्रूस बिळाचा माग लागावयाचा. माणसाच्या पिंजऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या काढल्या तरी ही वहिवाट ती विसरलेली नाहीं. १९६५ सालीं झॅरो, डेनेनबर्ग व अँडरसन ह्या संशोधकांनीं ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतही हेंच दिसून आलें कीं, मादी पिलांना साधारणपणें दिवसांतून एकदांच पाजते. कांहीं माद्या दोनदां पाजतात असें पुढें आढळलें आहे. त्याहून अधिक अपेक्षा करणें व्यर्थ होय.

एवढ्या थोड्या वेळांत पिलांचें भागतें कसें, अशी शंका कोणासही येईल. त्याचें उत्तर दुधाच्या कसांत आहे. गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा ३.५ ते ४ व प्रथिनें सुमारें ३.२ असतात, म्हशीच्या दुधांत स्निग्धांश ७ च्या आसपास भरतो. सशिणीच्या दुधांत मात्र स्निग्धांश शेंकडा १२ ते १३ आणि प्रथिनें १० ते १२ इतकीं सांपडतात. उलट दुग्धशर्करा, जी गाईच्या दुधांत शेंकडा ४.८ च्या जवळपास असते, ती येथें १ ते २ वर जात नाहीं. जन्मतः ४० ते ६० ग्रॅम वजनाचें पिल्लूं असें दूध एका वेळीं आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याइतकें किंवा त्याहूनही अधिक पिऊन घेतें आणि पुढील दिवसभर उबेंत झोंप काढतें. ही दुधाची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण वरचें दूध पाजण्याचा प्रसंग येतो तेव्हां सारी अडचण येथूनच सुरू होते.

तेव्हां मादी काय करिते हें पाहत बसण्यापेक्षां पिलांचीं पोटें पाहावीं. सकाळीं लौकर मादीला मूठभर लसूणघास घालून दुसऱ्या कोपऱ्यांत गुंतवावें आणि पेटी बाहेर काढावी. हात स्वच्छ असावेत, पण सुवासिक साबणाचा किंवा औषधी द्रवाचा वास त्यांस येऊं नये. वर पेटींतीलच थोडी लव हातांवर चोळावी. माणसाचा हात लागला कीं मादी पिलें टाकून देते ही समजूत पाळीव सशांपुरती तरी निराधार आहे. त्या भीतीनें पेटीच न तपासणें अधिक घातक. पाजलेलें पिल्लूं वाटोळें, तुकतुकीत व शांत असतें. पहिल्या तीन-चार दिवसांत त्याची कातडी इतकी पातळ असते कीं, डाव्या कुशीला दुधानें भरलेली कोठी पांढरी झळकतांना दिसते. उपाशी पिलाची कातडी सुरकुतलेली व पोट खपाटीस गेलेलें असतें. तें स्वस्थ पडून न राहतां चुळबुळ करितें व बारीक आवाजानें कुरकुरतें. ह्याउपरही शंका राहिली तर तराजू घ्यावा. सर्व पिलें एका टोपलींत घालून रोज एकाच वेळीं तोलावीं आणि आंकडा भिंतीवर लिहून ठेवावा. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस वजन जन्माच्या दुपटीच्या घरांत गेलें, म्हणजे मादीच्या वागणुकीविषयीं चिंता करण्याचें कांहीं कारण उरत नाहीं.

व्याल्यानंतर पहिल्या दिवशीं पोटें रिकामीं आढळलीं तरी घाबरूं नये. कांहीं माद्यांस, विशेषतः पहिलटकरणींस, दूध उतरण्यास एखादा दिवस लागतो आणि उबेंत असलेलीं पिलें तेवढा उपास सोसतात. वासराला चीक वेळेवर मिळाला नाहीं तर त्याचा घात होतो हें आपण जाणतों. सशाच्या पिलास मात्र रोगप्रतिकारक द्रव्यें बहुतांशीं आईच्या पोटांत असतांनाच मिळालेलीं असतात. म्हणून त्याच्या बाबतींत पहिल्या कांहीं तासांचें दूध हा तितका निकराचा प्रश्न नव्हे. निकराचा प्रश्न उबेचा आहे.

प्रत्यक्षांत बहुतेक ठिकाणीं काय घडतें ? संध्याकाळपर्यंत मादी पेटींत गेलेली दिसत नाहीं, म्हणून घरांतील कोणी दयाळू मनुष्य पिलें उचलून आणतो. गाईचें दूध कोमट करून कापसाच्या बोळ्यानें तें त्यांच्या तोंडांत पिळतो. पिल्लूं उताणें धरलेलें असतें. निम्में दूध पोटांत आणि निम्में श्वासनलिकेंत जातें. रात्रभर तीं उघड्या टोपलींत राहतात. पहाटे मादी पेटीकडे येते तों पेटी रिकामी. तिच्या सडांत दूध आहे, पण तें प्यावयास कोणी नाहीं. असेंच चालत राहिलें तर तिचें दूध आटूं लागतें. इकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशीं पिलें धाप लागून किंवा पोट फुगून मरतात आणि खापर मादीच्या माथीं फुटतें. पिलांचें पोट भरलेलें कीं रिकामें, एवढें आधीं पाहिलें असतें तर ह्यांतील कांहींच घडलें नसतें.

आतां उबेविषयीं. नवजात पिल्लूं आंधळें व उघडें असतें. अंगावर लव दिसूं लागण्यास चार-पांच दिवस आणि डोळे उघडण्यास दहा ते बारा दिवस लागतात. तोंवर त्याच्या भोंवतीं ३० ते ३२ अंश सेल्सियस उष्णता राहिली पाहिजे. ती तें भावंडांच्या अंगापासून व आईच्या लवेपासून घेतें. मांजर आपलें पिल्लूं मानेला धरून परत आणतें. सशीण तसें करीत नाहीं. पाजतां पाजतां ती उडी मारून बाहेर पडते तेव्हां एखादें पिल्लूं सडाला चिकटून बाहेर ओढलें जातें आणि पिंजऱ्याच्या जाळीवर पडून तेथेंच गारठतें. तें मेलें असें समजून फेकून देण्याची घाई करूं नये. ओंजळींत धरून, काखेंत ठेवून किंवा फडक्यांत गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशेजारीं ठेवून त्याला हळूहळू ऊब द्यावी. निळसर कातडी गुलाबी झाली व तें हालचाल करूं लागलें म्हणजे भावंडांत नेऊन ठेवावें. थंड पडलेल्या पिलाला दूध कदापि पाजूं नये. तें त्याला गिळतांही येत नाहीं आणि पचतही नाहीं. आधीं ऊब, मग अन्न, हा क्रम एकदांही उलटूं देतां कामा नये.

इतकें पाहूनही दोन दिवस पोटें रिकामींच आढळलीं, तर मादी खरोखर पाजीत नाहीं असें धरून कारण शोधावें. पहिल्या वेतांत कांहीं माद्या लव उपटीत नाहींत व पिलें पेटीबाहेर इतस्ततः घालतात. तेथें आपणच तिच्या पोटावरील सैल लव हलक्या हातानें काढून पेटींत घालावी, म्हणजे सडही मोकळे होतात. पुष्कळदां कारण भीतीचें असतें. पिंजऱ्याखालीं घुशी, रात्रीं मांजर, शेजारीं भुंकणारा कुत्रा, दर तासाला डोकावणारीं मुलें, ह्यांपैकीं एकही गोष्ट मादीचें चित्त उडविण्यास पुरेशी आहे. तहान हें तिसरें कारण, आणि आमच्या मतें सर्वांत अधिक दुर्लक्षिलें जाणारें. पाजणाऱ्या मादीला उन्हाळ्यांत दिवसाला लिटरभर पाणी लागूं शकतें. वाटी दुपारीं कोरडी पडली तर संध्याकाळीं दूध कोठून येणार? विदर्भ-मराठवाड्याच्या वैशाखांत तर विणीच न घेणें शहाणपणाचें, कारण ३५ अंशांच्या वर सशाच्या जिवालाच धोका उत्पन्न होतो.

चौथें कारण दगडीचें. सड हातास कठीण व गरम लागतात, आधीं तांबूस व मग निळसर दिसतात, आणि मादी खाणें सोडते. अशा वेळीं पशुवैद्यास बोलावण्यांत एक दिवसही दवडूं नये. गाई-म्हशींसाठीं आणून घरांत शिल्लक राहिलेलीं औषधें मात्र तिच्या पोटांत घालूं नयेत. पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिन जातीचीं औषधें सशाला तोंडावाटे दिल्यास त्याच्या आंतड्यांतील उपयुक्त जंतू मरून तो दगावतो. दगडी झालेल्या मादीचीं पिलें दुसऱ्या मादीखालींही नेऊं नयेत. पिलांच्या तोंडावाटे तो रोग तिच्या सडांस लागतो.

मादी निरोगी आहे, सडांत दूध आहे आणि तरीही ती पेटींत जात नाहीं, तर तिलाच पिलांकडे न्यावें. सकाळीं ठराविक वेळीं तिला पेटींत पिलांवर ठेवावें, एक हात पाठीवर हलका ठेवून डोळे झांकावे आणि पांच मिनिटें तसेंच धरावें. दाबून धरूं नये. पाठीचा कणा नाजूक असतो व मागच्या पायांचा एक झटका त्याला मोडण्यास पुरतो. पिलांना सड शोधावयास शिकवावें लागत नाहीं. मादीच्या दुधांतूनच एक विशिष्ट गंध सुटतो व त्यावर तीं अंधारांतही कांहीं क्षणांत सडाला लागतात. हा गंध कोणत्या द्रव्याचा आहे हें बेन्वा शाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध केलें. सकाळ-संध्याकाळ असें कांहीं दिवस केल्यावर पुष्कळ माद्या आपण होऊन पेटींत जाऊं लागतात. युरोपांतील मोठ्या ससेपालनगृहांत तर पेटीचें दार एरवीं बंद ठेवून दिवसांतून एकदां सकाळींच उघडण्याची रीत आहे. तेवढ्यांत मादी पाजून घेते आणि पेटी रोज आपोआप तपासली जाते. आपल्याकडेही ही रीत घेण्यासारखी आहे.

मादी मेली, आजारी पडली किंवा कांहीं केल्या ऐकेना, तर सर्वांत खात्रीचा उपाय दुसरी मादी हाच. मेंढी दुसरीचें कोकरूं लाथाडते, गाय परक्या वासराला जवळ करीत नाहीं, ह्या अनुभवामुळें शेतकऱ्याला हा उपाय सुचत नाहीं. सशीण ह्या बाबतींत उदार, किंवा खरें म्हणजे बेफिकीर आहे. पेटींत जीं असतील तीं सारीं पिलें ती आपलींच समजते. दोन्ही विणींत दोन-तीन दिवसांहून अधिक अंतर नसावें. दाईमादीला तासभर दुसरीकडे ठेवावें, आणलेल्या पिलांना तिच्या पेटींतील लव चोळून तिच्या पिलांच्या मधोमध सोडावें आणि सर्वांच्या अंगांस एक वास लागला म्हणजे तिला परत आणावें. मादीला बहुधा आठ सड असतात. म्हणून एकीखालीं आठांहून अधिक पिलें ठेवूं नयेत. अधिक झाल्यास मोठीं व दणकट पिलें दाईकडे द्यावीं आणि लहान आईकडे राहूं द्यावीं. नव्या ठिकाणीं टिकाव धरण्याची शक्ति मोठ्यांत अधिक असते. कानावर शाईची खूण करून ठेवल्यास वंशावळीची वही बिघडत नाहीं.

पण दाई ऐनवेळीं मिळावी कशी ? हा सारा प्रश्न विण्याच्या दिवशीं नव्हे, त्याच्या एक महिना आधीं सोडवावयाचा असतो. सशाचा गर्भकाळ सरासरीनें ३१ दिवसांचा आहे. एकच मादी एकटी दाखविण्याची पद्धत सोडून निदान दोन, शक्य तर तीन माद्या एकाच दिवशीं नराकडे न्याव्या व तारीख लिहून ठेवावी. मग त्या एक-दोन दिवसांच्या अंतरानें वितात आणि प्रत्येक मादी दुसरीची दाई होऊं शकते. एकीला बारा व दुसरीला चार पिलें झालीं तरी सारखी वांटणी करितां येते. ज्याच्याजवळ दोनच माद्या आहेत त्यानें गांवांतील दुसऱ्या पाळणाराशीं आधींच बोलून तारखा जुळवाव्या. ह्यांत खर्च कांहींच नाहीं. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशीं पेटी आंत ठेवणें हेंही ह्याच तयारींत येतें. दीड फूट लांब, एक फूट रुंद, तळाला मूत्र निथळण्यास बारीक भोंकें आणि आंत भाताचा मऊ पेंढा, एवढें पुरे. कापूस व सुतळी घालूं नये, त्यांचे धागे पिलांच्या पायांस गुंडाळतात.

वरच्या दुधाचा मार्ग सर्वांत शेवटीं ठेवला आहे तो मुद्दाम. पहिल्या दिवसापासून हातावर वाढविलेलीं पिलें बहुतेक मरतात, हें आधींच स्पष्ट सांगितलेलें बरें. आठ-दहा दिवस आईचें दूध पिऊन मग पोरकीं झालेलीं मात्र निगा राखल्यास पुष्कळ जगतात. गाईच्या दुधापेक्षां शेळीचें बरें. सशिणीच्या दुधांतील जीं स्निग्धाम्लें पिलांच्या कोठ्यांत घातक जंतू वाढूं देत नाहींत, त्यांपैकीं कांहीं शेळीच्या दुधांतही असतात. तें उकळून, कोमट करून त्यांत थोडी ताजी साय घोटावी. शहरांतून मांजराच्या पिलांसाठीं मिळणारी दुधाची भुकटी आणतां आल्यास तिचाही उपयोग होतो. साखर किंवा गूळ कधींही घालूं नये. जेथें मूळ दुधांतच शर्करा नाममात्र, तेथें गोडी म्हणजे हगवण. पहिल्या आठवड्यांत एका वेळीं २ ते २.५ मिलिलिटर, दुसऱ्या आठवड्यांत ५ ते ७, तिसऱ्यांत ७ ते १३, असें दिवसांतून दोनदां द्यावें. लहान चणीच्या पिलांस ह्याहूनही कमी लागतें, आणि पोट गच्च होण्यापूर्वीं थांबावें. पिल्लूं पालथें, डोकें किंचित् वर, असें धरून सुई काढलेल्या १ मिलिलिटरच्या सिरिंजनें ओठाशीं थेंब थेंब सोडावा व तें गिळेपर्यंत थांबावें. नाकांतून दूध आल्यास लागलींच डोकें खालीं करून पुसून घ्यावें. पाजून झाल्यावर कोमट पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पोट व मूत्रद्वार हलकेंच पुसावें, म्हणजे लघवी होते; हें आई जिभेनें करिते.

डोळे उघडल्यानंतर पेटींत मऊ वाळलेलें गवत ठेवावें. ह्या सुमारास पिलें आईनें पेटींत टाकलेल्या लेंड्या कुरतडतात व त्यांतून त्यांच्या आंतड्यांत पचनास लागणारे जंतू जातात. पोरक्या पिलांस निरोगी मोठ्या सशाच्या पहाटेच्या मऊ लेंडीचा किंचित् अंश दुधांत कालवून दोन-तीन दिवस द्यावा. किळस वाटली तरी हें टाळूं नये. अठरा-वीस दिवसांनीं तीं स्वतः चरूं लागतात आणि सहा आठवड्यांपर्यंत दूध हळूहळू बंद करितां येतें. कोंवळा ओला घास एकदम पोटभर घालण्याची हौस मात्र आंवरावी.

मादीचें पुढें काय करावें हें तिच्या वहीवरून ठरवावें. पहिल्या वेतांत चुकली तर तिला माफ करावें. पुष्कळ माद्या दुसऱ्या वेतांत उत्तम आया ठरतात. ऊब, पाणी व स्वस्थता सर्व कांहीं देऊनही ती लागोपाठ तीन वेतें फुकट घालवील तर तिला विणीवरून काढावी, आणि तिच्या मुलीही पैदाशीसाठीं ठेवूं नयेत.

ऊसतोडणीच्या व ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत शेतांत सांपडणाऱ्या पिलांचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. तो आपल्याकडील रानससा. त्याची जातच निराळी. तो बीळ करीत नाहीं. त्याचीं पिलें अंगावर केंस घेऊन, उघड्या डोळ्यांनीं जन्मतात आणि आई त्यांना गवतांत एकेकटीं सोडून दिवसभर दूर राहते. मजुरांना तीं पोरकीं वाटतात व ते तीं घरीं आणतात. वस्तुतः आई अंधार पडल्यावर यावयाची असते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ह्या सशाला संरक्षण आहे व तो घरीं बाळगणें गुन्हा ठरतो. कोयता चालावयाच्या जागीं पिल्लूं आढळल्यास गवताच्या मुठीनें अलगद उचलून जवळच्याच बांधावर, सावलींत व आडोशाला ठेवावें, कुत्रीं बांधून घालावीं आणि दिवस मावळल्यावर त्या बाजूला कोणी फिरकूं नये.